कालच्या मिसळीनं पिंपल येत नाही

परवा रविवारी शिवाजी पेठेत ताईकडं जेवायला गेले होते. ताटात पांढरा रस्सा आला आणि भाचीनं वाटी बाजूला सारली. अकरावीत आहे. कपाळावर, गालावर पिंपल्स उठलेत म्हणून दोन महिने झाले तिखट बंद, तेलकट बंद, ताईच्या सासूबाई रोज सब्जा भिजवून देतात कारण म्हणे अंगात उष्णता झालीय, आणि एवढं करून नवा पिंपल आला की पोरीलाच विचारायचं, काल काय खाल्लंस गं? मला ऐकवेना. तिच्या वयात मी पण हेच ऐकलंय.

जेवण झाल्यावर तिला रंकाळ्यावर नेलं आणि सांगत बसले. वयात येताना अँड्रोजन, म्हणजे ज्यांना पुरुषी म्हणतात ती हार्मोन्स वाढतात, मुलींच्यात पण, त्यानं कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडतात. त्याच वेळी केसाच्या छिद्रात आतल्या बाजूच्या मेलेल्या पेशी गळून बाहेर पडायच्या ऐवजी चिकटून बसतात आणि बूच बसतं. मागं तेल साठत जातं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात, हे सगळ्यांच्याच कातडीवर असतात, घाण राहिल्यामुळं येत नाहीत. मग सूज, लाली, पू. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे पण मळ नव्हे, उघड्या छिद्रातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, हवा लागून काळं पडतं. ते घासून जात नाही, उलट कातडी चिडते.

आणि हे बूच बसून पिंपल दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. मग कालच्या मिसळीचा काय संबंध? तिखटाबद्दल ठोस पुरावा नाहीच. साखर, मैदा, कोल्ड्रिंक यांचा संबंध मात्र अभ्यासात दिसलाय, थोडाफार दुधाचा पण. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटायचं नाही, पण काहींना त्रास होतो. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपलं तर कपाळावर पुटकुळ्या येतात, तेही खरं.

मी स्वतः घाई केली होती. कॉलेजात असताना एका मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत लाली गेली, सगळे म्हणाले काय गोरी दिसायलीस, म्हणून वर्षभर लावली. बंद केली आणि आठवड्यात अख्खा चेहरा लाल, आग आग, आधीपेक्षा दुप्पट पिंपल्स. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड सूज दाबतं, छिद्रातलं बूच तसंच राहतं आणि कातडी पातळ होते. 2018 मध्ये सरकारनं असली मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी मैत्रिणीची ट्यूब आपण लावायची ही सवय काही सुटत नाही.

खरी औषधं, म्हणजे ॲडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड, यांना दोन-तीन महिने लागतात कारण बूचच सावकाश बसतं आणि सावकाश सुटतं. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, सोलते, लोक तिथंच सोडून देतात. भाचीची पाळी पण मागंपुढं होते म्हणून पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास, आहे का तेही बघायला सांगणार आहे.

गुरुवारी राजारामपुरीत स्किनच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. ताईला मात्र आत्ताच सांगून ठेवलंय, तीन महिने रोज सकाळी पोरीची हनुवटी धरून चेहरा तपासायचा नाही.