किल्ली खिशातच राहिली

काल दुपारी मी आमच्या प्रोग्रामवर माझ्यासोबत काम करणाऱ्या सहकाऱ्यांना एका ओळीचा निरोप पाठवला, “तुमच्या नव्या बदलानंतर दुसरी विनंती अडकते आहे, बघाल का?” त्यावर त्यांचे उत्तर आले, “बघतो.” एवढ्या एका शब्दाने माझी रात्रीची झोप घालवली, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

साठा शिल्लक आहे का हे दुसऱ्या सर्व्हरला विचारणारी जी मेथड, म्हणजे कोडचा जो तुकडा आहे, तिला चाचणीचा सर्व्हर नेहमी “आहे” असेच सांगतो, आणि मला मात्र “नाही” म्हटल्यावर पुढचा कोड कसा वागतो ते पाहायचे होते. तेव्हा मी नेहमीप्रमाणे मेथडच्या मध्यावर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण लावली, थ्रेड (प्रोग्राममधला काम करणारा एक धागा) तिथे येऊन थांबला, आणि डीबगरला, म्हणजे कोड थांबवून तपासायच्या साधनाला सांगितले की उरलेल्या ओळी राहू देत, इथूनच “नाही” घेऊन परत जा. ही सोय जावा या प्रोग्रामिंग भाषेत सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2006 पासून आहे आणि मी ती इतक्या वेळा वापरली आहे की तिच्याकडे पाहणेच सोडून दिले होते. थ्रेड मुकाट्याने परतला, “नाही”ची शाखा जशी चालायला हवी तशी चालली, आणि मी खूश झाले. त्यानंतर प्रोग्रामला दुसरी विनंती पाठवली, तिचे उत्तर आलेच नाही. सगळे बंद करून पुन्हा सुरू केले, तर पहिली विनंती पुन्हा व्यवस्थित गेली आणि दुसरी पुन्हा अडकली.

मी थ्रेड डंप घेतला, म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड काय करतो आहे याची यादी. अडकलेला थ्रेड एका लॉकची, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची वाट पाहत होता, आणि ते लॉक गेल्याच पंधरवड्यात त्यांनी आणलेले होते. मला एवढे पुरले. त्याच डंपमध्ये ते लॉक कोणाच्या हातात आहे हेही लिहिलेले होते, पण तिथपर्यंत वाचत जाण्याआधीच माझा निरोप गेला होता. ही घाई नक्की कशाची होती, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे. मागच्या महिन्यातल्या त्या बैठकीशी तिचा काही संबंध असेल, पण तो विषय आज नको.

संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर डंप पुन्हा उघडला. ज्या थ्रेडकडे लॉक होते, तो काहीच करत नव्हता. आपले काम संपवून पूलमध्ये, म्हणजे रिकामे थ्रेड जिथे थांबतात तिथे परत गेला होता आणि पुढच्या कामाची वाट पाहत निवांत बसला होता, कुलपाची किल्ली खिशात घेऊन. लॉक सोडण्याची ओळ फायनली ब्लॉकमध्ये, म्हणजे एरवी मेथड कशीही संपली तरी शेवटी चालणाऱ्या भागात होती, आणि बळेच परत पाठवलेला थ्रेड फायनली चालवत नाही. हे या सोयीच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेले आहे, त्याने प्रोग्राम विसंगत अवस्थेत जाऊ शकतो या इशाऱ्यासकट. पहिली विनंती सुखरूप गेली यातही नवल नव्हते, कारण हे लॉक ज्याच्या हातात आहे त्याला पुन्हा घेऊ देते, त्यामुळे त्याच थ्रेडला पुढे कुठेही अडथळा जाणवला नाही. अडकला तो शेजारचा, ज्याचा या भानगडीशी काही संबंध नव्हता.

मग मी काही वेळ स्वतःची कीव करत बसले. इतकी वर्षे हेच करत आले, तेव्हा कधी काही झाले नाही, आणि नेमके आताच, तेही त्यांच्याच कोडमध्ये, माझ्याच वाट्याला का यावे? तरीही तो “बघतो” डोक्यातून जाईना. त्यांनी “कुठे?” विचारले नाही, “तुम्ही नक्की काय केलेत?” असेही विचारले नाही. विचारले असते तर कदाचित पाच मिनिटांत उलगडा झाला असता, आणि मला निदान थोडे रागावता तरी आले असते.

इतकी वर्षे काही का झाले नाही, याचे उत्तर मिळाले तेव्हा मात्र हसू आले. पूर्वी त्या मेथडमध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत जाऊ शकेल असा भाग होता. त्याचे कुलूप जावाचे यंत्र, म्हणजे आपला कोड चालवणारा प्रोग्राम स्वतः सांभाळतो, त्यामुळे थ्रेडला अर्ध्यातून परत पाठवले तरी मेथडने घेतलेले ते कुलूप यंत्रच सोडून देते. वाट पाहणाऱ्या थ्रेडला मध्येच थांबवता यावे म्हणून त्यांनी त्याजागी रीएंट्रंटलॉक नावाचे ते नवे लॉक आणले, आणि ते यंत्राच्या लेखी साध्या वस्तूसारखी एक वस्तू आहे. ते सोडायचे असते हे फक्त आपल्या कोडला ठाऊक, आणि तो कोड मी चालूच दिला नव्हता. म्हणजे माझ्या मागे इतकी वर्षे कोणीतरी गुपचूप झाडलोट करत होते, आणि मी समजत होते की मी पसारा करतच नाही. निरोपात मी “तुमच्या बदलानंतर” असे लिहिले होते, ते शब्दशः खरेच होते म्हणायचे.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अशा वेळी फायनली चालवायचे का, हे विचारण्याची सोय माझ्या डीबगरमध्ये आहे. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तर तिथे “कधीही नाही” निवडलेले होते, आणि ते माझ्याशिवाय दुसरे कोण निवडणार?

आज सकाळी तेच काम दुसऱ्या रीतीने केले. सर्व्हरचे उत्तर येऊ दिले, ते ज्या व्हेरिएबलमध्ये पडते तिथे थांबून “आहे”चे “नाही” केले आणि थ्रेडला त्याच्या वाटेने जाऊ दिले. फायनली चालले, लॉक सुटले, दुसरी विनंती गेली, तिसरीही गेली. सर्व्हरच्या उत्तराला लागले जेमतेम दोन सेकंद. तेवढे वाचवायला मी काल अख्खी दुपार घालवली, आणि त्यातली थोडी त्यांचीही.

त्यानंतर त्यांना सविस्तर लिहिले, चूक माझीच होती हे पहिल्याच वाक्यात. त्यांचे उत्तर लगेच आले: “कालच कळलं होतं. म्हटलं, तुम्हाला सापडेलच.”

आता हे मनाला लावून घ्यायचे की नाही, ते उद्या ठरवेन.