सीपॅप लावलं, आकडे सुधारले, मग मला बरं का वाटत नव्हतं? – माझा अनुभव

मी साताऱ्यात राहते, वय ५३, हायस्कूलला गणित शिकवते. मला झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे, स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला, आणि त्यासाठी गेल्या डिसेंबरपासून रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावून झोपते. हे लिहायला बसले कारण मशीन आल्यावर पहिले दोन महिने मी रोज सकाळी उठल्या उठल्या स्वतःला चाचपून बघायचे की आज तरी बरं वाटतंय का, आणि वाटत नव्हतं, आणि त्या दिवसांत कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं होतं की होतं असं, जरा दम धर.

आधी मागचं थोडं. तीनचार वर्षं मी सतत दमलेली असायचे. सकाळी उठलं की कपाळ ठणकायचं, दहा वाजेपर्यंत आपोआप थांबायचं. रात्रीतून तीनचारदा लघवीला उठावं लागायचं. दुपारी सहाव्या तासाला फळ्याकडे तोंड करून उभी असताना डोळे मिटायचे, खडू हातात तसाच. सगळ्यांचं म्हणणं एकच, पाळी जायचं वय आहे, चालायचंच. मलाही तेच वाटत होतं. हिमोग्लोबिन झालं, थायरॉईड झालं, साखर झाली, बीपीची गोळी चालू झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या. घोरता का असं कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. बाईमाणसाने डॉक्टरसमोर बसून मी घोरते म्हणायचं, ते माझ्याने झालंच नाही. शाळेच्या सहलीला मुक्कामी जायचं मी कधीच बंद केलं होतं. लग्नाला गेलं की हॉलवर सगळ्या बायका ओळीने गाद्या टाकून झोपतात ना, तिथे मी भिंतीला टेकून जागी बसायचे, कुणी विचारलं तर म्हणायचे मला नवीन जागी झोप येत नाही.

आमच्या ह्यांनी बऱ्याचदा सांगितलेलं, "अगं तुझा श्वास मध्येच थांबतो, मी बघत बसतो, मग एकदम घुसमटल्यासारखी दचकतेस." मी म्हणायचे अहो काहीतरीच काय. मग दिवाळीला मुलगी पुण्याहून आली आणि तिने माझ्याजवळ झोपून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. सकाळी चहाच्या वेळी ऐकवलं. आधी घोरणं, चढत चढत जाणारं, आणि मग काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज, लांब कुठेतरी कुत्रं भुंकतंय, एवढंच. मी मनात आकडे मोजत होते, सवयच ती. एकवीसला एकदम ओढून घेतल्यासारखा श्वास, आणि परत घोरणं चालू. मुलगी काही बोलली नाही, तिचे डोळे भरलेले होते. त्याच आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

स्लीप स्टडी एका रात्रीची झाली, डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाशी नळी, केसांत ती चिकट पेस्ट जी दोन वेळा न्हायल्यावर गेली. रिपोर्टमध्ये एएचआय ३८. म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास एकतर दहा सेकंद किंवा जास्त बंद पडतो नाहीतर खूप कमी होतो. पाचच्या आत नॉर्मल, तीसच्या वर गंभीर. मी साठला अडतीसने भागलं, दर दीड-पावणेदोन मिनिटाला एकदा. रक्तातला ऑक्सिजन एका क्षणी ७६ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. डॉक्टर म्हणाले झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट मिटते, मेंदू तुम्हाला दरवेळी अर्धवट जागं करून श्वास घ्यायला लावतो, तुम्हाला सकाळी त्यातलं काही आठवत नाही, फक्त थकवा उरतो. आणि हेही म्हणाले की पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं, पण बायका घोरण्याऐवजी थकवा, डोकेदुखी, झोप लागत नाही अशा तक्रारी घेऊन येतात म्हणून सापडायला उशीर होतो. मला तिथेच रडू आलं. चार वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

त्यांनी झोपेचा एक कागदही भरून घेतला, एपवर्थ म्हणतात त्याला, आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन. वाचताना डुलकी लागते का, टीव्ही बघताना, गाडीत तासभर नुसतं बसल्यावर. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसा प्रमाणाबाहेर झोप येते असं धरतात. माझे १७ झाले. गाडीच्या प्रश्नाला मी विचार न करता तीन लिहिलं, कारण सातारा-पुणे एसटीत मी आणेवाडीच्या टोलनाक्याला झोपायचे ते थेट स्वारगेटला कंडक्टर उठवायचा.

तर मशीन. ऑटो सीपॅप, स्वतःच प्रेशर कमीजास्त करणारं, डॉक्टरांनी ५ ते १२ च्या मध्ये लावून दिलं. त्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, बाकी त्यात औषध नाही, ऑक्सिजनही नाही, खोलीतलीच हवा. मुलीने वाचून सांगितलं की सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये हे पहिल्यांदा केलं, व्हॅक्युम क्लीनरच्या ब्लोअरवर, आणि त्याआधी गंभीर पेशंटला गळ्याला भोक पाडणं हाच मोठा इलाज होता. हे ऐकल्यावर मी मास्कबद्दल कुरकुर करायची नाही असं ठरवलं, पण तीनच रात्रीत करायला लागले.

पहिल्या रात्री वाटलं तोंडावर कुणी उशी धरलीय. श्वास आत जातो सहज, बाहेर सोडताना मात्र समोरून हवा ढकलते, छाती धडधडायला लागली, मी ओढून काढलं. दुसऱ्या रात्री झोप लागली पण पहाटे बघते तर मास्क उशीखाली आणि मला काढल्याची आठवणच नाही. असं दहाबारा दिवस चाललं. मग फोन केल्यावर डॉक्टरांकडच्या सिस्टरनी सांगितलं की दिवसा लावा, झोपायचं नाही, नुसतं बसायचं. तेव्हा संध्याकाळी टीव्हीसमोर मास्क लावून मटार सोलायला बसायचे, जानेवारीचे दिवस, मटार भरपूर. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस, मग एक किलोची पिशवी संपेस्तोवर. हात कामात असले की छातीतली धडधड विसरायला होते. ह्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. आणि रॅम्प नावाची सोय असते, दाब चारपासून हळूहळू चढतो, ती वीस मिनिटांवर लावून घेतली.

मास्कचं वेगळंच. ज्याने मशीन दिलं त्याने माप न घेता नाकाचा मीडियम दिला आणि सांगितलं हवा सुटली तर पट्टे आवळा. मी आवळत गेले, नाकाच्या हाडावर लाल वण पडला, शाळेत पोरी विचारायच्या बाई लागलं का, आणि हवा तरी सुटतेच, डोळ्यात जाऊन सकाळी डोळे कोरडे. शेवटी पुण्याला दाखवलं तर त्यांनी मापपट्टी नाकाला लावली, मला स्मॉल हवा होता. आणि पट्टे आवळल्याने ती सिलिकॉनची गादी चुरगळते आणि उलट जास्त गळते हे तेव्हा कळलं. आता मी आडवी होते, मशीन चालू करते, मास्क हाताने थोडा चेहऱ्यापासून उचलते की गादी हवेने फुगते, मग अलगद ठेवते, पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल एवढंच ढिलं. तिसऱ्या मापाचा प्रयोग करायची वेळ आली नाही, पण पाच हजार रुपये गेले ते गेलेच, पहिला मास्क त्याने परत घेतला नाही.

थंडीत अजून एक. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी, लावल्यावर नळीत पाणी जमायचं आणि पहाटे नाकात थेंब यायचे, गुडगुड आवाज यायचा, मी दचकून उठायचे. खोलीतल्या गारठ्याने नळीतली कोमट हवा थंड होते म्हणून. मुलीने माझ्या जुन्या सुती साडीची पिशवीसारखी लांब खोळ शिवून नळीवर चढवली, ह्युमिडिफायर एक नंबर कमी केला, आणि मशीन पलंगापेक्षा खाली स्टुलावर ठेवलं, थांबलं. पाणी मेडिकलमधून डिस्टिल्ड आणते, पाच लिटरचा कॅन, आणि रोज सकाळी टाकी ओतून वाळवते.

हे सगळं होईतो फेब्रुवारी उजाडला आणि मशीनवर एएचआय दिसायला लागला तीन, साडेतीन. अडतीसचे तीन! घरात सगळे खूश. आणि मी मात्र तशीच. सहाव्या तासाला तशीच पेंग. हा काळ मला सगळ्यात जड गेला. मशीन नवीन होतं तोपर्यंत आशा होती, आता आकडा चांगला आलाय आणि तरी मी दमलेलीच, म्हणजे दुखणं दुसरंच काहीतरी असणार, किंवा आपण आता अशाच राहणार, असे विचार यायचे. ओळखीच्या एकांनी सांगितलेलं की त्यांना पहिल्याच सकाळी नवीन जन्म झाल्यासारखं वाटलं. त्यांचं खरं असेलही, पण ते ऐकून मी रोज त्या सकाळीची वाट बघायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याला मशीनमधलं कार्ड दाखवलं, त्यात रोजच्या रात्रीची नोंद असते. डॉक्टरांनी एएचआयकडे नाही, मशीन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चाललं त्या रेघांकडे बोट केलं. मी मशीन लावत होते रात्री साडेअकराला आणि रेघ तुटत होती चारला, रोज. म्हणाले चारला काय करता? मी म्हटलं बाथरूमला उठते, मग आता पाचला तर उठायचंच आहे डब्यासाठी, म्हणून मास्क परत लावत नाही, तशीच तासभर पडते. त्यांनी समजावलं की स्वप्नांची झोप, रेम म्हणतात ती, पहाटेच्या भागात जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात ढिले, बऱ्याच जणांना श्वास तेव्हाच जास्त अडकतो. म्हणजे नेमक्या त्या तासाला मी मशीनशिवाय. आणि मशीन बंद असताना ते मोजत नाही, म्हणून आकडा छान. मी गणिताची बाई, आणि सरासरी कशाची काढलीय हे बघितलंच नव्हतं. शिवाय साडेचार तास अधिक एक तास, एकूण झोपच साडेपाच तास. ते म्हणाले मशीन श्वास मोकळा ठेवेल, झोपेचे तास तुम्हालाच द्यावे लागतील.

घरी येऊन मी बोलले. ह्यांना सरळ सांगितलं की सकाळचा चहा, दूध आणि कणीक तुम्ही बघा, मी सहाला उठणार. साताऱ्यात बँकेत ३० वर्षं नोकरी केलेला माणूस, कणीक कधी मळली नव्हती, पहिले आठ दिवस चपात्या कडक झाल्या, पण त्यांनी एकदाही मला पाचला उठवलं नाही. रात्री साडेदहाला लाईट बंद. चारला उठलं तरी मास्क परत.

मग काय झालं, तर एका सकाळी चमत्कार वगैरे नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते लघवीचं. रात्रीतून चारदाचं दोनदा, मग एकदा, मग मार्चच्या मध्यात एके दिवशी थेट सहाला जाग. डॉक्टर म्हणाले श्वास अडकला की छातीत ओढ बसते, हृदय ताणलं जातं, ते एक हार्मोन सोडतं आणि किडनी जास्त पाणी काढते, म्हणजे ते बाथरूमचं दुखणंही ह्याच्यातलंच होतं. मग सकाळचं डोकं दुखणं कधी गेलं ते कळलंच नाही, डबीतल्या गोळ्या संपत नाहीयेत हे बघून कळलं. मग स्वप्नं पडायला लागली, लांबलचक, माहेरच्या विहिरीची, आजीची, कितीतरी वर्षांनी. पेंग मात्र सगळ्यात शेवटी कमी झाली. बीपी थोडंच उतरलं, गोळी चालूच आहे आणि ती मनाने बंद करायची नाही असं बजावलंय. वजनात काहीच फरक नाही.

एप्रिलच्या तपासणीला एसटीने निघाले. खिडकीची जागा होती. आणेवाडीचा टोलनाका गेला, पाचवड गेलं, सुरूर फाटा गेला, आणि बस खंबाटकीच्या बोगद्यात शिरली तेव्हा एकदम अंधार होऊन काचेत माझा चेहरा दिसला, डोळे टक्क उघडे. वर्षानुवर्षं ह्या रस्त्याने येते-जाते, बोगदा कितीक दिवसांनी बघितला कुणास ठाऊक. शिरवळला नीरेचा पूल आला तोपर्यंत मी ह्यांना फोन करून सांगूनही टाकलं की अहो मी जागी आहे. एपवर्थचा कागद त्या दिवशी परत भरला, ९ आले.

आता मे चालू आहे. दुपारी अजून कधीकधी जड होतं, विशेषतः जागरण झालं की दोन दिवस भोगावं लागतं. परवा वळवाच्या पावसात रात्री दोनला लाईट गेली, मशीन बंद पडलं की घाबरायचे आधी, पण नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं आणि मास्कलाही हवा जायला बारीक भोकं असतात, जीव जात नाही. आता ते इन्व्हर्टरवर घेतलंय, आणि लाईट गेली की ह्युमिडिफायर बंद करते, तो तापतो म्हणून बॅटरी तोच जास्त खातो.

२२ तारखेला भाचीचं लग्न आहे कोल्हापूरला, हॉलवर दोन रात्री मुक्काम. बहिणीला फोन करून सांगितलं की माझी गादी प्लगच्या जवळ टाक. तिने विचारलं कशाला, तर सगळं सांगितलं, घोरण्यापासून. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ताई, मला पण रात्री चारदा उठावं लागतं गं. तिला म्हटलं लग्न होऊ दे, जूनमध्ये आपण दोघी पुण्याला जाऊ.