कोहिनूर राहू दे, मुकुट बघा की
मे २०२३ ला लंडनमध्ये राजा चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा आमच्या बेळगावच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच धोशा, कोहिनूर परत द्या. आता त्याची राणी कॅमिला, तिच्या मुकुटात कोहिनूर नव्हताच मुळी, पण फॉरवर्ड करणाऱ्यांना कोण सांगणार.

मला तर त्या मुकुटाच्या कारागिरीचंच जास्त कौतुक. तो काही कॅमिलासाठी केलेला नाही, १९११ सालचा, राणी मेरीचा, म्हणजे चार्ल्सच्या पणजीचा, गॅरार्ड नावाच्या तिथल्या सराफांनी घडवलेला. सांगाडा चांदीचा, आतून सोन्याचं अस्तर आणि वर २,२०० हिरे. एवढ्या मोठ्या राणीला चांदी कशाला म्हणून शहापूरच्या आमच्या ओळखीच्या सराफकाकांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, सोन्यात बसवला की हिरा पिवळा दिसतोय, चांदीत कसा पांढराशुभ्र राहतोय बघा." मोबाईलवर फोटो दाखवला तर काका खड्यांकडं बघेनातच, झूम करून जोड कुठं आहेत तेच शोधत बसले.

आणि खरी गंमत तिथंच आहे. वरच्या आठ अर्ध्या कमानी सुट्या होतात, सगळ्या काढल्या की खालचा नुसता पट्टा उघड्या मुकुटासारखा घालता येतो. कॅमिलासाठी चार काढल्या. मोठे खडेपण तसेच, काढा-घाला. १९११ ला कोहिनूर आणि कलिनन नावाच्या प्रचंड हिऱ्याचे ३ आणि ४ नंबरचे तुकडे त्यात होते, १९१४ ला ते काढून जागेवर स्फटिक बसवले, आणि पुढं ते कलिननचे दोन तुकडे एलिझाबेथ राणी चक्क ब्रोच म्हणून साडीपिनेसारखे लावायची, ९४ आणि ६३ कॅरेटचे ओ! २०२३ ला ते परत मुकुटात आले, सोबत ५ नंबरचाही.

मेरीची इच्छा होती की पुढच्या राण्यांनी हाच मुकुट वापरावा, पण १९३७ ला तिच्या सुनेनं प्लॅटिनमचा नवा करून घेतला (सासूचं कोण ऐकतंय). कोहिनूर त्यात गेला. १८४९ ला पंजाबच्या लहानग्या महाराजा दुलीपसिंगाकडून लाहोरच्या तहात घेतलेला, १८५२ ला घासून १८६ चा १०५ कॅरेट करून टाकलेला तो हिरा अजून त्याच प्लॅटिनमच्या मुकुटात, टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. म्हणजे ग्रुपवाल्यांनी निदान फोटो तरी बरोबर मुकुटाचा टाकावा.