ग्रीन्सबर्गची विहीर

आज अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ग्रीन्सबर्गला थांबलो. शेतांच्या मधोमध, जेमतेम वस्तीचं गाव. 4 मे 2007 च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास इथे टोर्नाडो आला. रुंदी जवळपास पावणेतीन किलोमीटर. अख्खं गाव त्यात मावलं! 95 टक्के गाव भुईसपाट झालं, दहाहून जास्त माणसं गेली. वीसेक मिनिटं आधी भोंगे वाजले, लोक तळघरात उतरले, म्हणून बाकीचे वाचले.

आपण पाहिलेली वावटळ म्हणजे चैत्रात पाचोळा घेऊन पळणारी. त्या मापाने हे डोक्यात बसतच नाही.

इथली 109 फूट खोल विहीर 1887-88 मध्ये माणसांनी हाताने खणलेली. वरचं सगळं उडालं, विहीर तशीच राहिली. जिन्याने खाली उतरताना दगडी बांधकामावर हात ठेवला आणि आमच्या मळ्यातली विहीर आठवली. आजोबा तिच्या काठाशी चप्पल काढायचे. मीही नकळत थांबलो. बराच वेळ वर यावंसं वाटेना.

गाव सोडून न जाता लोकांनी ते पुन्हा उभारलं. आज तिथली वीज वाऱ्यावर चालते. निघताना पवनचक्क्या फिरताना दिसल्या, तेव्हा गाडी बाजूला घेतली. डोळे भरून आले होते.