तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला संघात का घेतलं नाही

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, दिवाळीच्या फराळाला, परवा तर एका बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना. प्रश्न तोच. "वहिनी, राग मानू नका, पण पोटच्या पोरीला टीममध्ये का नाही घेतलंत?" आजवर मी "जाऊ द्या हो" म्हणून विषय बदलत आले. आता एकदा सगळं सांगते. राग आहेच, पण त्याहून जास्त, कुणीतरी मला समजून घ्यावं असं वाटतं.

काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरातली शाळा, मुलींचा लॅक्रॉसचा (टोकाला जाळी असलेल्या स्टिकनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) मुख्य संघ, मी त्याची कोच. 2023 चा मार्च. संघात एक जागा उरली होती आणि दोन मुली होत्या. एक माझी लेक, अकरावीतली, चौथीपासून खेळणारी. दुसरी क्रॉस-कंट्री पळणारी, हातात स्टिक धरून चार महिने झालेली. जागा मी दुसरीला दिली. अकरावीच्या मुलीला आमच्याकडे ज्युनियर संघात ठेवत नाहीत, म्हणजे लेकीचा खेळ तिथेच संपला.

तुमच्यातले काही जण पुढे म्हणतात, "त्या नॉर्थवेस्टर्नच्या बाईच्या नादी लागून पोरीवर अन्याय केलात." हे मला जास्त लागतं, कारण त्यात तथ्य आहे. म्हणून आधी त्या बाईंबद्दल.

केली अमोंटे हिलर. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मुलींच्या लॅक्रॉस संघाची कोच. मॅसॅच्युसेट्सची मुलगी. मेरीलँड विद्यापीठाकडून खेळताना 1995 आणि 1996 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेली. तिथे तिच्या कोच होत्या सिंडी टिमचल, आणि त्या मेरीलँडला येण्याआधी 1990 पर्यंत नॉर्थवेस्टर्नलाच शिकवत होत्या. त्या गेल्या आणि दोन वर्षांत नॉर्थवेस्टर्ननं मुलींचा लॅक्रॉस संघच बंद केला. तो पुन्हा उभा करायला विद्यापीठानं बोलावलं टिमचलबाईंच्या शिष्येला. 2002 साली संघ मैदानात उतरला, तेव्हा इलिनॉयमध्ये लॅक्रॉस म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगावं लागायचं. तो खेळ पूर्वेकडचा. मूळचा तिथल्या हौडेनोशोनी या आदिवासी लोकांचा आणि पुढे मेरीलँड, न्यूयॉर्ककडच्या शाळा-कॉलेजांचा. तिकडच्या नावाजलेल्या मुली मिशिगन सरोवराच्या काठावर, या थंडीवाऱ्यात कशाला येतील?

मग तिनं कॅम्पसवरच मुली हेरल्या. कोस्टर नावाच्या जुळ्या बहिणी, नव्यानं कॉलेजात आलेल्या, लॅक्रॉस कधीच न खेळलेल्या. त्यांची अंगकाठी, त्यांची चपळाई बघून तिनं त्यांना विचारलं. 2005 साली नॉर्थवेस्टर्न एकही सामना न हरता, 21 पैकी 21 जिंकून राष्ट्रीय विजेता झाला, तेव्हा त्या दोघी संघात होत्या. त्यानंतर 2009 पर्यंत दरवर्षी विजेतेपद. 2010 ला अंतिम सामन्यात मेरीलँडकडून हार. 2011, 2012 पुन्हा विजेते. आठ वर्षांत सात. त्या 2005 च्या मुली व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांसोबतच्या फोटोत स्लिपर घालून उभ्या राहिल्या म्हणून देशभर चर्चा झाली. लोकांना त्या स्लिपर लक्षात आहेत. माझ्या लक्षात त्या जुळ्या बहिणी राहिल्या.

का राहिल्या, तर मी मिरजेची. 1986 साली आमच्या पीटीच्या सरांनी मला सुटलेल्या एसटीमागे दप्तर छातीशी धरून पळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी खो-खोच्या मैदानावर उभं केलं. मला एकेरी साखळी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खांबाला हात लावून वळताना कोपर सोलून निघायचं. दोन महिन्यांत मी नऊ जणींत होते. माझं सगळं आयुष्य त्या एका नजरेनं फिरवलं, असं मी मानते. म्हणून पुढे इकडे येऊन, लेकीच्या निमित्तानं लॅक्रॉस बघायला लागले आणि कोस्टर बहिणींची गोष्ट कळली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ही बाई माझ्या सरांसारखीच आहे, असं वाटलं. मी ती गोष्ट घरात किती वेळा सांगितली असेल! जेवताना, गाडीत, लेकीला झोपवताना. "तयार खेळाडू काय, कुणीही घेईल. आतून पेटलेली पोर ओळखता आली पाहिजे." लेक ऐकायची. तिला ते पाठ होतं.

आता त्या आठवड्याबद्दल.

निवडीचे तीन दिवस होते. मैदानावर बर्फ होता म्हणून जिममध्ये घेतलं. माझ्या लेकीचा हात फार सुंदर. चेंडू जाळीत राहावा म्हणून पळताना स्टिक सतत झुलवावी लागते, पाळणा हलवावा तशी. मुलींच्या स्टिकची जाळी उथळ असते, मनगट जरा अडखळलं की चेंडू बाहेर. तिचा चेंडू पडायचा नाही. गॅरेजच्या भिंतीवर रोज शंभर उजव्या हातानं, शंभर डाव्या हातानं, असं तिनं सात वर्षं केलेलं. दुसऱ्या मुलीचा चेंडू सारखा पडायचा. पण पडला की ती त्याच्यावर झेपावायची. एकदा तर दोघींच्या मधून, गुडघ्यावर घसरत, स्टिक जमिनीला घासत तिनं तो उचलला, आणि मला खो-खोतला सूर आठवला.

लेकीचा चेंडू तीन दिवसांत मोजून चार वेळा सुटला असेल. चारही वेळा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात चेंडू दुसरीचा झालेला. वहीत मी लिहिलं: "सुटलेल्या चेंडूवर उशीर." का उशीर, ते लिहिलं नाही. ती माझ्याकडे का बघत होती हे मला तेव्हाही कळत होतं. दुसरी कुणी कोच असती तर तिनं तिकडे पाहिलंही नसतं.

माझ्या सहायक कोच तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "या एका जागेपुरती तू बाजूला हो. मी ठरवते." किती साधा मार्ग होता. मी नाही म्हटलं. वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते की जबाबदारी माझी म्हणून मी नाही म्हटलं. खरं कारण वेगळं आहे. सहायक कोच माझ्या लेकीलाच घेतील याची मला खात्री होती, आणि मग लोक म्हणाले असते, कोचची मुलगी म्हणून लागली. लोक म्हणजे कोण? शाळेतले पालक, आणि तुम्ही. हो, तुम्हीच. आज जे विचारता "का नाही घेतलंत", त्यांनीच विचारलं असतं "कशी काय घेतलीत". या भीतीचा माझ्या निर्णयात किती वाटा होता ते मला आजही नेमकं सांगता येत नाही, पण वाटा होता.

यादी शुक्रवारी रात्री नऊ वाजता सगळ्यांना एकदम ईमेलनं जायची, असा नियम मीच केलेला. कुणाला आधी कळू नये, कुणाला वेगळी वागणूक नको. पाच वाजता मी घरी आले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मी थालीपीठं लावत होते, ती ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून खात होती. तिनं विचारलं नाही. तिला वाटलं असेल, नियम आहे, आई सांगणार नाही. मीही सांगितलं नाही. चार तास. मी तिला तिसरं थालीपीठ वाढलं, लोणी दिलं. नऊ वाजता तिचा फोन टेबलावर थरथरला. तिनं यादी वर-खाली केली, पुन्हा वर नेली. मग फोन पालथा ठेवला आणि ताट उचलून सिंकमध्ये नेऊन धुतलं. इतकं सावकाश की नळाचं पाणी गरम होऊन वाफ यायला लागली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आई, तू मला जेवायला वाढत होतीस."

बस, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. नवरा दारात उभा होता, तोही काही बोलला नाही. तो दोन दिवस बोलला नाही.

तुम्ही म्हणता, तिचं कॉलेजचं नुकसान झालं. तसं काही झालेलं नाही, हे ठणकावून सांगते. मोठ्या कॉलेजांचे कोच अकरावीच्या 1 सप्टेंबरपासून मुलींशी बोलू लागतात. मार्चपर्यंत तिला कुणाचा फोन आला नव्हता, येणारही नव्हता. आणि ज्या मुलीला घेतलं ती त्या वर्षी आमच्याकडून प्रत्येक सामना खेळली. माझी पारख चुकली नव्हती.

पण हे लिहिताना माझंच मला उत्तर द्यावं लागतं. केलीनं त्या जुळ्या बहिणींना घेतलं तेव्हा तिचा संघ नव्यानं उभा राहत होता. तिच्याकडे जागा रिकाम्या होत्या आणि त्या भरायला मुली कमी होत्या. तिच्या त्या पारखीची किंमत कुणा सतरा वर्षांच्या मुलीनं स्वयंपाकघरात बसून मोजली नाही. मी तिची गोष्ट उचलली आणि बारा वर्षं खेळ रुजलेल्या, जागेसाठी रांग लागलेल्या शाळेत लावली. हा फरक मला दिसायला हवा होता.

आणि मिरजेचं. मी नऊ जणींत आले, म्हणजे कुणीतरी बाहेर गेलं. लांब वेणीची एक मुलगी होती, माझ्या आधी संघात. त्यानंतर ती मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली आमच्या चपला आणि दप्तरं राखत बसायची. तिचं नाव मला आठवत नाही. जवळजवळ चाळीस वर्षं मी सरांची ती नजर सांगत आलेय आणि या मुलीचा विचार मी पहिल्यांदा केला तो 2023 च्या त्या शुक्रवारी, रात्री बाराच्या पुढे.

त्याच वर्षी 28 मे ला नॉर्थवेस्टर्न पुन्हा जिंकलं. 2012 नंतर थेट 2023. मधल्या वर्षांत लोक म्हणायचे, केलीचा काळ सरला, आता पूर्वेकडचे संघ पुढे गेले. 2022 च्या उपांत्य सामन्यात तर आठ गोलांची आघाडी हातची गेली, नॉर्थ कॅरोलायनाकडून 15–14 अशी हार. तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर बसलेली त्यांची खेळाडू इझी स्केन पुढच्या वर्षी परतली आणि अंतिम सामन्यात बोस्टन कॉलेजला 18–6 असं हरवलं. मी एकटी बघत होते. लेक खाली आली, दूध घ्यायला फ्रिज उघडला. "किती?" मी सांगितलं. ती सोफ्यामागे उभी राहिली, बसली नाही. केलीला मुलींनी घेरलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर ती वर गेली होती.

पुन्हा तीच वेळ आली तर? त्या मुलीलाच घेईन, असं मी म्हणते, आणि म्हणताना आवाज ठाम लागतो. रात्री तितका लागत नाही. लेकीला पाच वाजता सांगितलं असतं, हे मात्र नक्की. पण मग बाकीच्या मुलींचं काय? त्यांनाही रात्री नऊपर्यंत कुणीतरी जेवायला वाढत होतंच ना? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते मी तुमच्याकडेही मागत नाही.

लेक आता दूर शिकते. स्टिक नेली नाही, गॅरेजमध्ये आहे. जाळीच्या दोऱ्या कडक झाल्यात. गेल्या मार्चमध्ये निवडीच्या शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला.

"लिस्ट गेली?"

"नऊला जाईल."

"किती जणी नाहीत?"

"सात."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना आत्ता फोन कर ना."

मी केले. सहा जणींनी उचलला. सातवीच्या घरी जाऊन आले.