तुम्ही विचारलंत म्हणून: करिअरवाली चार्टर शाळा चांगली कशी ओळखायची?

फेब्रुवारी-मार्चमध्ये चार्टर शाळांच्या लॉटरीचे निकाल लागायला लागले की मला फोन सुरू होतात. "ताई, आमच्या मुलाचं त्या हेल्थ सायन्सवाल्या हायस्कूलमध्ये नाव लागलंय. शाळा कशी आहे? घालू का?" शाळा कधी हेल्थची असते, कधी बायोटेकची, कधी इंजिनिअरिंगची. प्रश्न तोच. मला विचारतात याचं कारण एवढंच की मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) काउन्सेलर आहे. या शाळांमधली मुलं शाळेत असतानाच आमच्याकडे कॉलेजचे कोर्स करायला येतात, आणि बरीचशी शाळा संपल्यावर पुन्हा येतात. माहितीपत्रकात काय छापलंय ते मी फारसं वाचत नाही, कारण मुलाच्या पदरात काय पडलं ते माझ्या टेबलावर ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे गुणपत्रकात, दिसत असतं.

नुकतेच इकडे आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला, लगेच १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने केला. शाळेला काही वर्षांसाठी परवाना मिळतो आणि मुदत संपली की नूतनीकरण. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी 'बर्गन काउंटी अकॅडमीज'चं कौतुक ऐकवलं असेल तर ते बाजूला ठेवा. ती चार्टर नाही, काउंटीची व्होकेशनल-टेक्निकल शाळा आहे आणि मुलं निवडून घेते. निवडून घेतलेल्या मुलांचे निकाल आणि चिठ्ठीने आलेल्या मुलांचे निकाल एका ओळीत मांडण्यात अर्थ नाही.

'चार्टर आहे म्हणजे चांगलीच असणार' किंवा 'चार्टर म्हणजे धंदा' ही दोन्ही वाक्यं मी मंडळाच्या गणपतीत एकाच पंगतीत ऐकलेली आहेत. स्टॅनफर्डच्या 'क्रेडो' या संशोधन केंद्राने २००९ मध्ये पाहिलं तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के निकृष्ट, आणि उरलेल्यांत फरक नव्हता. २०२३ च्या अहवालात चित्र सुधारलं. चार्टरची मुलं सरासरीने वाचनात सुमारे १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. पण आपण मुलाला सरासरीत घालत नाही, एका शाळेत घालतो.

त्या एका शाळेबद्दल माझा मुख्य प्रश्न ठरलेला आहे: अकरावीत मुलाचं मन बदललं तर त्याच्या हातात काय उरतं? हेल्थ नको, अर्थशास्त्र हवं, असं सोळाव्या वर्षी वाटणं यात नवल काहीच नाही. चौदाव्या वर्षी घेतलेला निर्णय बहुतेक वेळा आईचा, मावशीचा किंवा सोबतच्या मित्राचा असतो. ज्या शाळेत मन बदललेल्या मुलाचं काही बिघडत नाही ती चांगली. जिथे त्याची दोन वर्षं वाया जातात ती कितीही चकचकीत असो, माझ्या लेखी कच्ची.

आपल्याकडच्या पालकांचा इथे एक खास घोळ होतो. महाराष्ट्रात आयटीआय किंवा एमसीव्हीसी म्हटलं की नाकं मुरडणारे आपणच. इथे मात्र पाटीवर 'हेल्थ सायन्सेस' दिसलं की डोळ्यांसमोर एमबीबीएस तरळायला लागतं. या देशात बारावीनंतर थेट मेडिकलला जाण्याची रीत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूल. हेल्थच्या हायस्कूलने त्या रांगेत कुणी पुढे सरकत नाही. त्यातून नर्सिंगची, फिजिओथेरपीची, लॅबची, हॉस्पिटलच्या कारभाराची ओळख होते आणि आपल्याला रक्त बघवतं का ते कळतं. तेवढं पुष्कळ आहे, फक्त तेवढ्याचसाठी घाला.

मन बदललेल्या मुलाची पहिली ढाल म्हणजे 'ए टू जी'. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला प्रवेशासाठी ठरावीक सात गटांतले वर्षभराचे पंधरा कोर्स किमान 'सी' ग्रेडने लागतात. कोणत्या शाळेचा कोणता कोर्स कोणत्या गटात धरला जातो याची यादी युनिव्हर्सिटी स्वतःच जाहीर करते. शाळेचं नाव टाका आणि बघा. बायोटेकचा कोर्स प्रयोगशाळेचं विज्ञान म्हणून धरलाय की नुसता ऐच्छिक? भौतिकशास्त्र आहे का? कॅल्क्युलस शाळेत शिकवतात की 'ऑनलाइन घेता येईल' असं सांगतात? करिअरचे तास वाढवताना लहान शाळेत दुसरं काहीतरी कमी होतंच. काय कमी केलंय ते विचारा. कॅलिफोर्नियात हायस्कूल चार्टरच्या अर्जातच लिहावं लागतं की कोर्स दुसऱ्या शाळेत चालतील का आणि कॉलेज प्रवेशाला धरले जातील का, हे पालकांना कसं कळवणार. तेव्हा हा प्रश्न विचारताना संकोचू नका, शाळेकडे उत्तर तयार असायलाच हवं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. भिंतीवर '९५ टक्के ग्रॅज्युएशन रेट' असा फलक असतो. हा आकडा खोटा नसतो, पण तो काढण्याची पद्धत समजून घ्या. नववीत आलेल्या गटातून जो मुलगा रीतसर दुसऱ्या शाळेत गेला, तो या शाळेच्या हिशेबातून वजा होतो. समजा नववीत १५० होते, ५० जण मधेच गावातल्या शाळेत परत गेले, उरलेल्या शंभरांपैकी ९५ पास झाले. फलक ९५ टक्क्यांचाच लागणार. ते ५० का गेले हे फलकावर नसतं. म्हणून राज्य शिक्षण खात्याच्या 'डेटाक्वेस्ट'वर जा, शाळेची इयत्तावार पटसंख्या काढा, आणि चार वर्षांपूर्वीच्या नववीशेजारी यंदाची बारावी ठेवा. मधे आलेली नवी मुलंही बारावीत असतात, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण गळती मोठी असेल तर लपत नाही. मग शाळेला सरळ विचारा, "ही मुलं कुठे गेली?" चांगल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला हे पाठ असतं: इतक्यांनी गाव सोडलं, इतक्यांना फुटबॉल हवा होता, इतक्यांना अभ्यास झेपला नाही आणि आम्ही त्यांच्यासाठी हे हे केलं.

'शंभर टक्के मुलांना कॉलेजात प्रवेश' हा दुसरा फलक. प्रवेश मिळणं आणि कॉलेजचं दुसरं वर्ष गाठणं यांत फार अंतर आहे. आमच्यासारख्या कम्युनिटी कॉलेजात तर हायस्कूल पास झालेल्या कुणालाही प्रवेश मिळतो, म्हणजे आमच्याकडे फॉर्म भरला की झाले शंभर टक्के!

आता सर्टिफिकेटं. करिअर शाळांची सगळी शान यांच्यावर असते, आणि सगळ्यात जास्त धूळफेकही इथेच होते. ऑशा-१० नावाचं सुरक्षिततेचं कार्ड दहा तासांच्या प्रशिक्षणावर मिळतं, दोन दिवसांत होतं. ऑशा, म्हणजे कामाच्या जागच्या सुरक्षिततेचं केंद्र सरकारी खातं, स्वतःच सांगतं की हे सर्टिफिकेशन नव्हे. तरी शाळेच्या यादीत ते 'इंडस्ट्री सर्टिफिकेशन' म्हणून बसलेलं मी पाहिलंय. टेक्सासात तर अशी सर्टिफिकेटं शाळेच्या सरकारी श्रेणीत मोजली जातात, त्यामुळे डॅलस-ह्यूस्टनकडच्यांनी जास्तच डोळे उघडे ठेवावेत. याउलट नर्सिंग असिस्टंटचं घ्या. केंद्राच्या नियमाने किमान ७५ तास लागतात, कॅलिफोर्नियात १६०, आणि त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. एवढे तास शाळेच्या आवारात होऊच शकत नाहीत. म्हणून "आमच्याकडे सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट) आहे" असं सांगितलं की लगेच विचारायचं: ते शंभर तास कोणत्या नर्सिंग होममध्ये, नेतं कोण, आणि गेल्या वर्षी किती मुलं राज्याची परीक्षा पास झाली? उत्तरात 'पार्टनरशिप' हा शब्द दोनदा येऊन जागेचं नाव एकदाही आलं नाही, तर काय ते समजा.

शाळा बघायला जाणं म्हणजे स्थळ बघायला जाणं. पोहे उत्तम असतात, घर कसं चालतं ते पोह्यांवरून कळत नाही. एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर मी एका शाळेच्या ओपन हाउसला गेले होते. प्रयोगशाळेत हॉस्पिटलसारखे पलंग, पलंगावर खोकणारा, डोळ्यांची बुबुळं लहानमोठी करणारा पुतळा, निळ्या स्क्रब्जमधली मुलं. मुलाचे बाबा व्हिडिओ घेण्यात दंग. शाळा दाखवणाऱ्या मुलीला मी हळूच विचारलं, "गेल्या आठवड्यात तुम्ही या खोलीत काय केलंत?" ती प्रामाणिक होती बिचारी. म्हणाली, गेल्या आठवड्यात नव्हतो आलो, एरवी आम्ही कॉम्प्युटरवर मॉड्यूल करतो.

दुसऱ्या एका शाळेत दोन जुने पलंग आणि एक कुरकुरणारं कपाट एवढाच थाट होता. तिथला अकरावीचा मुलगा मला सांगत होता की नर्सिंग होममधल्या आजोबांचं ब्लडप्रेशर मशीनवर ११८ आलं, त्याने स्टेथोस्कोप लावून घेतलं तर १२६ ऐकू आलं. तो मशीनचा आकडा लिहिणार होता. नर्सने त्याचा हात धरला, कफ काढायला लावला, पाच मिनिटं थांबवलं आणि पुन्हा हाताने घ्यायला लावलं. सांगताना तो हवेत पट्टा गुंडाळून दाखवत होता. ही शाळा कशी आहे ते कळायला मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

शिक्षकांबद्दलही हेच. कॅलिफोर्नियात करिअर विषयाच्या शिक्षकाचा परवाना मिळवायला त्या क्षेत्रातला काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. वेल्डिंग शिकवणाऱ्याने वेल्डिंग कुठे केलं, नर्सिंग शिकवणारी कोणत्या वॉर्डात होती, हे विचारलं की चांगले शिक्षक खुलतात. आणि हे शिक्षक टिकतात का तेही बघा, कारण हॉस्पिटलचा पगार शाळेपेक्षा बरा असतो.

कॉलेज क्रेडिटचा भाग माझ्या रोजच्या कामातला. शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स फुकटात होतात हे खरं, आणि फायद्याचंही आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाने आमच्याकडे मेडिकल टर्मिनॉलॉजीत 'डी' मिळवला तर तो कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतो. पुढे मेडिकल स्कूलचा अर्ज भरताना हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्सही सगळे दाखवावे लागतात. "बारा क्रेडिट, बारा क्रेडिट" म्हणून मिरवणाऱ्या शाळेला विचारा: मूल मागे पडतंय हे तुम्हाला कितव्या आठवड्यात कळतं, आणि 'डब्ल्यू' (ग्रेडऐवजी 'कोर्स सोडला' एवढीच नोंद) घेऊन बाहेर पडायची तारीख त्याला कोण सांगतं? मला भेटणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ती तारीख असते हेच माहीत नसतं.

शाळेचा परवाना किती वर्षांसाठी वाढवून मिळाला हेही बघा. कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्यानंतर उत्तम शाळेला पाच ते सात वर्षं मिळू शकतात, मधल्यांना पाच, आणि कमकुवत शाळेला नूतनीकरण नाकारणं हाच नियम आहे, मिळालंच तर दोन वर्षं. तुमचं मूल चार वर्षं शिकणार आणि शाळेकडे दोनच वर्षांचा परवाना, तर पुढचं बोलणं काय बोलायचं?

एवढं ऐकल्यावर लोक विचारतात, "म्हणजे तुमचा या शाळांना विरोध आहे?" मुळीच नाही. करिअर अकॅडमीजवर एमडीआरसी या संस्थेने १९९३ पासून मोठा अभ्यास केला. त्या अकॅडमीज सरकारी शाळांच्या पोटात चालणाऱ्या होत्या, चार्टर नव्हत्या, पण प्रवेश चिठ्ठीने, म्हणून तुलना न्याय्य. २००८ च्या अहवालात दिसलं की शाळा सुटल्यानंतरच्या आठ वर्षांत त्या मुलांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त होती, मुलग्यांची त्याहून जास्त. पदव्या मात्र दोन्ही गटांनी सारख्याच मिळवल्या. म्हणजे करिअरकडे वळल्याने पुढचं शिक्षण बुडलं नाही आणि खिशात चार पैसे जास्त आले. ज्या पालकांना 'व्होकेशनल' शब्दाचाच धसका आहे त्यांना मी हे नेहमी सांगते.

एच-४ वाल्यांनी (म्हणजे नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदार-मुलांना मिळतो त्या व्हिसावर असलेल्यांनी) मात्र एक गोष्ट आधीच बघावी. या शाळांचा कळस म्हणजे अकरावी-बारावीतली इंटर्नशिप, आणि पुष्कळ ठिकाणी ती पगारी असते. एच-४ वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही. वर्क परमिट मिळतं ते काही जोडीदारांना, मुलांना नाही. शाळा ही गोष्ट विचारत नाही आणि तिने विचारावीही अशी अपेक्षा नको, पण अर्जाआधी तुम्ही विचारा की बिनपगारी पर्याय आहे का आणि तो व्हिसाच्या वकिलाला चालेल का. वर्गातली सगळी मुलं उन्हाळ्यात लॅबमध्ये गेली आणि आपला मुलगा घरी बसला, असं झालेलं एक घर माझ्या ओळखीचं आहे.

शेवटी हमखास येणारा प्रश्न: "तुमच्या मुलीला का नाही घातलंत?" तिचं नाव लागलं होतं. शाळाही चांगली होती, वरच्या सगळ्या प्रश्नांना उतरलेली. पण तिथे मार्चिंग बँड नव्हता, आणि तिला ट्रम्पेट सोडायचं नव्हतं.