तुम्ही विचारलंत म्हणून : २६ की २७

गणपतीत, मंडळाच्या जेवणात, रविवारी आईच्या फोनवर, एकच प्रश्न : "झालीस का गं पास?" त्याच्या पोटातला दुसराही ऐकू येतो, की बेचाळिसाव्या वर्षी पायाला चाकं बांधून बायकांना धक्के मारायचा खेळ हवाच कशाला. त्याचं उत्तर मी देणार नाही. पहिल्याचं देते. नाही झाले. दोनदा.

मी अमेरिकेत, ऑस्टिनला राहते. या खेळाचं नाव रोलर डर्बी, आणि तिचं आताचं रूप २००१ मध्ये याच गावात सुरू झालं, त्यामुळे इथे नापास व्हायलाही जाणकार साक्षीदार मिळतात. शाळेत असताना पुण्यात स्केटिंगचा क्लास केला होता, त्या जोरावर पहिल्या दिवशी मिरवत गेले. तर शिकवलं काय? पडायला. पुढे गुडघ्यांवर पडायचं, मुठी आवळून (उघड्या बोटांवरून चाक जातं), आणि तीन सेकंदांत उठायचं. माझं अंग सवयीने मागेच बसायचं, माकडहाडावर. टाचा बाहेर ढकलून थांबायचा प्लाऊ स्टॉप महिनाभराने जमला. वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकायचे क्रॉसओव्हर येतच होते. म्हणजे मला तसं वाटत होतं.

राहिल्या फेऱ्या. पाच मिनिटांत २७, म्हणजे अकरा सेकंदांना एक. आमच्या क्लबने ही जुनी अट अजून धरून ठेवली आहे, आणि पास झाल्याशिवाय सामन्यात उतरू देत नाहीत.

दुसऱ्या परीक्षेत माझ्या फेऱ्या मोजायला माझीच सरावातली जोडीदार होती. आम्ही एकाच दिवशी शिकायला लागलो. सरावानंतर ती मला घरी सोडायची. विसाव्या फेरीनंतर मांड्या पेटल्या. माउथगार्डमधून श्वास शीळ घातल्यासारखा वाजायला लागला. क्रॉसओव्हर सोडून मी वळणावर नुसती घसरत होते. शिट्टी झाली. ती म्हणाली, २६. मी म्हटलं, २७. तिने हात पुढे केला. दूधवाल्याच्या हिशेबासारख्या मार्करच्या रेघा, पाच-पाचचे पाच गठ्ठे आणि कोपराजवळ एक सुटी. मी सगळ्यांसमोर ओरडले, तुझं लक्ष नव्हतं, फोन बघत होतीस. तिचा फोन माझ्या पिशवीत होता, मीच ठेवला होता. ती काही बोलली नाही. अंगठ्याला थुंकी लावून रेघा पुसत बसली. मार्कर पक्का होता, निघेना.

नंतर मोजणी चुकली असं मी सगळीकडे सांगितलं. तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकलंय ते. त्या वेळची मी आज समोर आले तर म्हणेन, अगं, तिसऱ्या वळणावर तू आतली रेघ ओलांडून आत गेली होतीस, तुला कळलं होतं. ती म्हणेल, एकदाच तर. आणि दमलेली होते. आणि हो, खरंच दमलेली होते. तरी ती फेरी धरायची की नाही, यावर आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.

जोडीदार पास झाली, आता सामने खेळते. माझी परीक्षा पुन्हा मार्चमध्ये आहे. मोजायला येशील का, हे तिला विचारायचं राहिलंय.